छपाई आधी जाते, कापड मागे राहतं

मागच्या अंकात मी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधल्या छापील टी-शर्टांबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. एवढ्या मोठ्या संग्रहालयात रेशमी अंगरख्यांच्या जोडीने ब्रिटिश डिझायनर व्हिव्हिएन वेस्टवुड यांच्या ‘डिस्ट्रॉय’ शर्टासारखे डिझायनर टी-शर्टसुद्धा क्रमांक देऊन, पेटीत घालून जपले जातात, एवढंच त्यात होतं. एरवी वस्त्रजतनाच्या या सदराकडे जरीचे काठ काळे पडले, शालू घडीवर चिरला, अशी पत्रं येतात. या वेळी मात्र टी-शर्टांवरच गठ्ठा आला. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही. ज्यांच्या प्रश्नांतून इतरांचंही काम होईल ती पत्रं घेतली आहेत.

हॅरो, लंडन येथून एक वाचक : ताई, इथल्या एका प्रदर्शनात कॅथरिन हॅमनेट या डिझायनरचा टी-शर्ट पाहिला. पांढरं कापड, त्यावर काळ्या ठळक अक्षरांत घोषणा, बस्स. ना विणकाम, ना कशिदा. माझ्या आजीची नऊवारी लुगडी बोहारणीला गेली आणि हा टी-शर्ट काचेमागे! यात जपण्यासारखं नेमकं काय आहे?

तुमच्या आजीची लुगडी गेली याची खंत मलाही आहे. आपल्याकडे घरोघरी हेच झालं. पण त्याचा राग या टी-शर्टावर काढू नका, कारण तो ज्या कारणासाठी जपला आहे ते कारण तुमच्या आजीच्या लुगड्यालाही लागू होतं.

हॅमनेट यांनी १९७९ मध्ये स्वतःचं लेबल सुरू केलं आणि १९८३ पासून त्या घोषणांचे टी-शर्ट काढू लागल्या. अक्षरं मुद्दाम एवढी मोठी, की रस्त्याच्या पलीकडून वाचता यावीत आणि वर्तमानपत्रातल्या लहानशा फोटोतही ओळखू यावीत. टी-शर्ट ऐसपैस, बाईपुरुष कुणालाही चालेल असा. मार्च १९८४ मध्ये लंडन फॅशन वीकच्या निमित्ताने पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी डिझायनरांना १०, डाउनिंग स्ट्रीटला बोलावलं. हॅमनेट जाकीट घालून गेल्या आणि थॅचर यांच्यासमोर येताच त्यांनी ते उघडलं. आतल्या टी-शर्टावर लिहिलं होतं, ‘५८% डोन्ट वॉन्ट पर्शिंग’. म्हणजे ५८ टक्के लोकांना पर्शिंग नको आहे. पर्शिंग ही अमेरिकेची अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रं. ती १९८३ च्या अखेरीपासून पश्चिम जर्मनीत तैनात होऊ लागली होती. इंग्लंडमध्ये, ग्रीनहॅम कॉमनच्या तळावर, आली होती ती क्रूझ ही दुसरी अमेरिकी क्षेपणास्त्रं. हॅमनेट यांनी नंतर सांगितलं आहे, की थॅचरबाईंनी खाली वाकून मजकूर वाचला आणि आमच्याकडे पर्शिंग नाहीत, क्रूझ आहेत, अशी दुरुस्ती केली. छायाचित्रकार तिथे होतेच. दुसऱ्या दिवसापासून तो फोटो जगभर फिरला.

आता कापडाकडे या. तो टी-शर्ट त्याच दुपारी घाईघाईने तयार केलेला होता. जे वस्त्र एका संध्याकाळसाठी, एका फोटोसाठी, एका माणसाच्या डोळ्यांसमोर धरण्यासाठी केलं गेलं, त्याच्यात कारागिरी शोधायची नसते. त्यात शोधायचा असतो तो काळ. १९८४ साली एक बाई पंतप्रधानांना भर समारंभात काय सांगू शकत होती आणि ते सांगायला तिने कशाचा आधार घेतला, हे तो टी-शर्ट सांगतो. भाषण छापील मिळेल, फोटो मिळेल. पण अक्षरं केवढी होती, टी-शर्ट अंगावर किती सैल होता, जाकिटाखाली तो झाकला कसा गेला असेल, हे वस्तू हातात घेतल्याशिवाय कळत नाही.

तुमच्या आजीच्या लुगड्यावरही असंच बरंच वाचता आलं असतं. कुठला पदर विटला, कासोट्याच्या ठिकाणी कापड किती झिजलं, कुठे रफू केलं. घरात अजून एखादं लुगडं शिल्लक असेल, अगदी गोधडीत शिवलेलं असलं तरी, ते टाकू नका. मला त्याचा फोटो पाठवा.

नागपूर येथून एक वाचक : आपण उल्लेख केलेल्या व्हिव्हिएन वेस्टवुड यांच्या ‘डिस्ट्रॉय’ शर्टाचे चित्र पाहिले आणि वाईट वाटले. त्यावर स्वस्तिक आहे, उलटा क्रूस आहे. आम्ही दारात रांगोळीने स्वस्तिक काढतो. असे वस्त्र संग्रहालयाने सन्मानाने का ठेवावे?

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. वाईट वाटलं हे तुम्ही स्पष्ट लिहिलंत ते बरं केलंत.

आधी वस्तू काय आहे ते नीट सांगते. लंडनच्या चेल्सी भागात ४३०, किंग्ज रोड या पत्त्यावर व्हिव्हिएन वेस्टवुड आणि त्यांचे जोडीदार माल्कम मॅकलॅरेन यांचं दुकान होतं. सत्तरच्या दशकातल्या पंक या बंडखोर तरुणांच्या संगीताचा आणि पोशाखाचा तो अड्डा. दर दोन-चार वर्षांनी ते दुकानाचं नाव आणि रूप बदलत. १९७४ मध्ये ते ‘सेक्स’ होतं, १९७६ च्या अखेरीस ‘सेडिशनरीज’ झालं, १९८० मध्ये ‘वर्ल्ड्स एंड’. ‘डिस्ट्रॉय’ हा १९७७ च्या सुमाराचा, सेडिशनरीजच्या काळातला. याला टी-शर्ट म्हणतात खरं, पण तो होजियरीचा नाही. विरळ विणीच्या सुती मलमलीचा आहे. बाह्या हातापेक्षा कितीतरी लांब, वेड्यांच्या इस्पितळात रुग्णाला बांधायला वापरत त्या अंगरख्यासारख्या, आणि त्या वर दुमडून अडकवायला धातूच्या कड्या आणि क्लिपा. समोर वर ‘डिस्ट्रॉय’ (नाश करा) हा शब्द, खाली नाझींचं चिन्ह, उलटा क्रूसावरचा येशू आणि राणीच्या मस्तकाचा टपाल तिकिटासारखा छाप.

छापलेलं चिन्ह तुमच्या दारातलं नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. ते हिटलरच्या पक्षाचं आहे, आणि १९७७ मध्ये लंडनच्या रस्त्यावर जो माणूस ते पाहील त्याला महायुद्धच आठवावं असा बेत होता. वेस्टवुड यांचं म्हणणं असं, की आधीच्या पिढीची मूल्यं आणि तिने घातलेले निर्बंध आम्हाला मान्य नाहीत, तुम्हीच खरे फॅसिस्ट आहात, हे त्या पिढीच्या तोंडावर सांगायचं होतं. म्हणजे त्यांच्या मते नाश करायचा तो या चिन्हांचा, या सत्तांचा.

मला हे म्हणणं कळतं. ते मला पुरेसं वाटत नाही. कारण त्याच वर्षांत नॅशनल फ्रंट हा वंशद्वेष्टा पक्ष लंडनच्या रस्त्यांवर मोर्चे काढत होता. जून १९७६ मध्ये लंडनच्या साउथॉल भागात गुरदीपसिंग चग्गर या १८ वर्षांच्या शीख मुलाला भोसकून मारलं गेलं. तिथे राहणाऱ्या आपल्या माणसांना बसमध्ये समोरून कुणी नाझी चिन्ह छातीवर मिरवत आला, तर तो बंडखोर कलावंत आहे की अंगावर येणारा गुंड आहे, हे ओळखायची सोय नव्हती. शर्टाने स्वतःचा अर्थ सांगितला नाही, पाहणाऱ्यावर सोडला. त्याची किंमत पाहणाऱ्याने मोजली.

आणि म्हणूनच तो शर्ट जपला पाहिजे असं माझं ठाम मत आहे. तो फेकून दिला तर पुढच्या पिढीच्या हाती उरतील त्या पोस्टरवरच्या गुळगुळीत कथा, की पंक म्हणजे रंगीत केस, सेफ्टी पिना आणि मजा. शर्ट पेटीत आहे तोवर कुणीही अभ्यासक तो काढून विचारू शकतो, हे कुणी घातलं, कुणासमोर घातलं, पाहणाऱ्याचं काय झालं. माझी मागणी एवढीच, की त्याच्याबरोबरच्या माहितीफलकावर किंग्ज रोडच्या जोडीला साउथॉलही यावं.

सन्मानाचं म्हणाल, तर कपाटात सगळे कपडे शेजारी शेजारी असतात. राणीचा झगा, कैद्याचा सदरा, दोघांना तोच आम्लविरहित कागद आणि तीच पेटी. मी जिथे काम केलं तिथे अशा वस्तूंच्या पेटीवर आत काय आहे याची सूचना बाहेरूनच लिहिलेली असायची. पेटी उघडणाऱ्या मुलीला ते चित्र अचानक समोर यायला नको, एवढी काळजी घ्यावी लागते, आणि ती घेतली जायची.

पुणे येथून एक वाचक : जुने डिझायनर टी-शर्ट जमवायचा छंद आहे. इंटरनेटवर सेडिशनरीजचे शर्ट विकायला दिसतात. अस्सल कसा ओळखावा?

विकत घेऊ नका, हे पहिलं. सेडिशनरीजच्या नावाने बाजारात एवढा बनावट माल आहे, की २००८ मध्ये खुद्द मॅकलॅरेन यांनी त्याबद्दल जाहीर तक्रार केली होती. मुळात छपाई साध्या स्क्रीनवरची, म्हणजे चौकटीवर ताणलेल्या जाळीतून शाई ओढून केलेली, कापड साधं, शिलाई घरगुती वळणाची. नक्कल करणाऱ्याला याहून सोपं काय हवं? शिवाय हीच चित्रं ऐंशीच्या दशकात दुसऱ्यांनीही छापून विकली. म्हणजे कापड जुनं, छपाई जुनी, तरी दुकान दुसरंच, असंही असू शकतं.

लोक शिलाई बघायला सांगतात. नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या बऱ्याच होजियरी टी-शर्टांना बाहीला आणि घेराला एकेरी टीप असते, पुढे दुहेरी सर्रास झाली, हे बरोबर आहे. पण एकेरी टीप आजही कुणीही मारू शकतं. लेबल उसवून दुसऱ्या कपड्याला लावता येतं. ते करताना जुन्या टाक्यांची भोकं कापडात राहतात. ती मात्र भिंगाखाली पाहावीत.

संग्रहालयं शेवटी भिस्त ठेवतात ती वस्तूच्या प्रवासावर. कुणी घेतला, कधी घेतला, मग कुणाकडे गेला, तो घातलेला फोटो आहे का, पावती आहे का. ही साखळी तुटलेली असेल तर शर्ट कितीही देखणा असो, नोंदवहीत त्याच्यापुढे शंका लिहिली जाते. हॅमनेट यांच्या टी-शर्टांबाबत वेगळीच गोष्ट आहे. आपली नक्कल व्हावी, संदेश पसरावा, असं त्या स्वतःच म्हणत आल्या. १९८४ मध्ये त्यांचा ‘चूज लाइफ’ टी-शर्ट ‘व्हॅम!’ या बँडने व्हिडिओत घातला आणि मग गल्लीबोळांत नकला निघाल्या. त्या काळातली गल्लीतली नक्कलसुद्धा संग्रहालयाला हवीहवीशी वाटू शकते, फक्त ती नक्कल म्हणून नोंदवलेली असावी.

ठाणे येथून एक वाचक : ताई, माझ्या यजमानांकडे ऐंशीच्या दशकातला, परदेशातून आणलेला एका डिझायनरचा छापील टी-शर्ट आहे. ते आता नाहीत. मी तो वर्तमानपत्रात गुंडाळून, साडीच्या चेनवाल्या कव्हरमध्ये, डांबरगोळ्या घालून कपाटात ठेवला होता. या पावसाळ्यात काढला तर छपाई चिकट झाली आहे आणि घडीत एकमेकांना चिकटली आहे. आता काय करू?

तुम्ही जे केलंत तेच आपल्याकडे सगळ्या घरांत करतात, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी छपाई कशाची आहे ते समजून घेऊ. सुती टी-शर्टावरची जी जाडसर, हाताला रबरासारखी लागणारी छपाई असते, ती बहुतेकदा प्लास्टिसॉल शाईची. आपल्याकडचे छापणारे अशा जाडसर छपाईला सरसकट रबर प्रिंट म्हणतात. प्लास्टिसॉल म्हणजे पीव्हीसीची बारीक भुकटी एका तेलकट द्रवात कालवलेली. स्क्रीनमधून ती कापडावर ओढतात आणि साधारण १६० अंशांच्या उष्णतेत पक्की करतात. रंग धाग्यात मुरत नाही. कापडावर एक पातळ लवचीक पापुद्रा तेवढा बसतो. ती लवचिकता त्या तेलकट द्रवामुळे. आणि तो द्रव कायमचा आत राहत नाही. उष्णतेत, वर्षांमागून वर्षं, हळूहळू बाहेर सुटत राहतो. आधी छपाई चिकट होते. मग द्रव निघून गेला की कडक होते, आक्रसते, तडकते. सुती कापड नीट ठेवलं तर शंभर वर्षांनीही कापडच राहतं. छपाईचं आयुष्य मात्र तुमच्या-माझ्या डोळ्यांदेखत संपतं. छापील टी-शर्ट जपणाऱ्यांची सगळी धडपड असते ती या पापुद्र्यासाठी.

आता तुमच्या तीन गोष्टी. वर्तमानपत्राचा कागद आम्लयुक्त असतो आणि त्याची शाई सुटते. चिकट झालेल्या छपाईवर ती उमटते. मी एकदा असा एक टी-शर्ट टेबलावर घेतला होता. त्याच्या पिवळ्या छपाईवर भिंग धरलं तर मराठी अक्षरं दिसली, आरशात दिसावीत तशी उलटी. काना उजवीकडून डावीकडे आलेला, ‘बाजारभाव’ हा शब्द पुरता वाचता येत होता, त्याखाली आकड्यांचा अर्धा रकाना. शाई पापुद्र्याच्या आत शिरली होती. ती काढायला गेलं असतं तर पिवळा रंगही निघाला असता. म्हणून तसाच ठेवला आणि नोंद केली.

साडीचं पारदर्शक कव्हर स्वतःच पुष्कळदा पीव्हीसीचं असतं. नवं असताना त्याला जो उग्र वास येतो तो त्याच तेलकट द्रवाचा. छपाई आणि कव्हर एकमेकांना चिकटतात. शिवाय आत अडकलेला दमटपणा बाहेर पडत नाही. आणि डांबरगोळ्या अजिबात नकोत. नॅफ्थलीनची वाफ प्लास्टिकला मऊ करते, कपड्यावर बसते, आणि माणसाच्या तब्येतीलाही ती बरी नाही. ज्या पतंगाच्या अळीसाठी आपण त्या ठेवतो ती लोकर आणि रेशीम खाते. सुती टी-शर्टाचा शत्रू कसर. तिला खळ, स्टार्च, अंगाचे डाग लागलेलं सूत आवडतं, आणि तिला दमटपणा लागतो. दमटपणा घालवलात की अर्धं काम झालं.

चिकटलेली घडी ओढू नका. इस्त्री नको, उन्हात टाकणं नको, पावडर टाकून सुटते का पाहणं तर मुळीच नको. आमच्यासारखे लोक तो भाग किंचित गार करून, पापुद्रा ताठ झाला की पातळ पट्टीने सिलिकॉनचा कागद आत सरकवत सरकवत घडी मोकळी करतात. कधी तासाला चार बोटं एवढंच काम होतं. हे घरी करू नये. फ्रीजरमध्ये टाकायचा सल्लाही तुम्हाला कुणी देईल. किडीसाठी संग्रहालयं कपडे उणे ३० अंशांपर्यंत गोठवतात हे खरं, पण असल्या छपाईचे कपडे त्यातून वगळतात, कारण गोठलेला पापुद्रा वाकवला की काचेसारखा तडकतो. तुम्ही मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या जतन केंद्रात विचारणा करा. तिथे वस्त्रांची जाण असलेली माणसं आहेत. तोवर टी-शर्ट आहे त्या घडीत, पण कव्हर आणि गोळ्यांतून बाहेर काढून, सपाट ठेवा.

घडी सुटली की पुढची व्यवस्था अशी. मांजरपाट आणा, खळ पूर्ण जाईपर्यंत नुसत्या पाण्यात पुन्हा पुन्हा धुवा, वाळवा. छपाईवर सिलिकॉनचा थर असलेला बेकिंगचा कागद ठेवा. दुकानात ‘बटर पेपर’ म्हणून जे मिळतं ते सरसकट चालत नाही, त्यात मेणाचे कागदही असतात. टी-शर्ट टांगू नका, होजियरी स्वतःच्या वजनाने खांद्यावर ओघळते. शक्यतो घडी न घालता सपाट. घालावीच लागली तर छपाईच्या बाहेर, आणि घडीत मांजरपाटाची जाडसर वळकटी, म्हणजे चुणी पक्की होत नाही. मग सगळं मांजरपाटात गुंडाळून स्टीलच्या कपाटात, बाहेरच्या भिंतीपासून लांब, मधल्या फळीवर. लाकडी कपाट कितीही छान असलं तरी लाकडातून आम्ल सुटतं. हवेतला दमटपणा ६५-७० टक्क्यांच्या वर टिकला की बुरशी धरते, आणि आपल्या पावसाळ्यात तो त्याहून पुष्कळ वर असतो, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये कपाट उघडून ‘हवा लावायची’ सवय मोडा. हवा लावायची ती दिवाळीनंतर, कोरड्या दिवसांत, सावलीत. वर्षातून एकदा पुरे.

आणखी एक. यजमानांनी तो कुठून आणला, कधी घातला, तुम्हाला तो घातलेले ते कसे आठवतात, हे पेन्सिलीने एका चांगल्या कागदावर लिहून टी-शर्टाबरोबर ठेवा. टाचणी लावू नका, गंज धरेल. उद्या तो टी-शर्ट कुठल्या संग्रहात गेला, तर तिथल्या माणसाला कपड्याइतकाच तो कागद हवा असेल.

नाशिक येथून एक वाचक : संग्रहालयाला कपडा देताना धुऊन, इस्त्री करून द्यावा ना?

नाही. काखेतला पिवळा डाग, गळ्याजवळची झीज, एखादा चहाचा ओघळ, यातून कपडा घातला गेला होता हे कळतं. आधी फोटो, मोजमाप, नोंद, मग धुवायचं की नाही ते जतनकार ठरवतो, आणि बहुतेक वेळा ठरतं ते न धुण्याचं. ‘डिस्ट्रॉय’सारख्या शर्टाला तर धातूच्या कड्या आहेत. पाणी लागलं तर त्यांचा गंज मलमलीत उतरेल. संग्रहालय स्वतः काय करतं, तर शर्टावर जाळी धरून अगदी हलक्या ओढीच्या व्हॅक्यूमने धूळ काढतं आणि सुती फितीवर क्रमांक लिहून ती फीत दोन-चार टाक्यांनी आतल्या शिवणीला जोडतं. व्हिक्टोरिया अँड अल्बर्टच्या वस्त्रांचे क्रमांक ‘टी’ या अक्षराने सुरू होतात. प्रदर्शनात प्रकाश ५० लक्सच्या आसपास, म्हणजे आपल्या दिवाणखान्याहून बराच मंद. लोक तक्रार करतात, की नीट दिसत नाही. पण उडालेला रंग कुठल्याच उपायाने परत येत नाही, आणि चमकत्या निऑन शाया तर सगळ्यांत आधी उडतात.

कोल्हापूर येथून एक विद्यार्थिनी : मी फॅशन डिझाइनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तुमचा लेख वाचून मला कपडे शिवण्यापेक्षा ते जपण्याचं काम करावंसं वाटतं. कुठे शिकता येईल? आणि असे टी-शर्ट प्रत्यक्ष पाहायला मिळतील का?

तुझं पत्र वाचून फार आनंद झाला. या कामाला माणसं हवीत, आणि शिवणकाम येणारी माणसं तर फारच हवीत. कपडा कसा बेतला हे कळल्याशिवाय तो कुठे ताणला जाईल ते कळत नाही.

रसायनशास्त्राची भीती असेल तर ती आत्ताच घालव. वर ठाण्याच्या ताईंना जे लिहिलं ते सगळं रसायनशास्त्रच आहे. पदवीनंतर नोएडाच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ हेरिटेजमध्ये जतनशास्त्राचा अभ्यासक्रम आहे. लखनौला १९७६ पासून जतनाची राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे, तिथली प्रशिक्षणं बघ. फक्त वस्त्रांचंच शिकायचं असेल तर ग्लासगो विद्यापीठाचा दोन वर्षांचा एम.फिल. नावाजलेला आहे. इंग्लंडमध्ये १९७५ साली कॅरन फिंच यांनी जे वस्त्रजतन केंद्र सुरू केलं ते २००९ मध्ये बंद पडलं आणि त्याची परंपरा ग्लासगोने पुढे चालवली. खर्च मोठा आहे, शिष्यवृत्तीशिवाय जाऊ नको. त्याआधी अहमदाबादचं कॅलिको म्युझियम बघून ये. तिथे टी-शर्ट नाहीत, पण जुनं कापड किती परींनी बोलतं ते दिसेल.

आपल्याकडे छापील टी-शर्ट कुणी नीट जमवत नाही, याचं मला मनापासून दुःख आहे. तिरुपूरला जगभरासाठी टी-शर्ट शिवले-छापले जातात. आपल्या गणेश मंडळांचे, आंदोलनांचे, कॉलेजांच्या महोत्सवांचे टी-शर्ट दर वर्षी निघतात आणि पुढच्या वर्षी फडकं होतात. तू तुझ्या कॉलेजपासून सुरुवात कर. दर वर्षीचा एक टी-शर्ट, न घातलेला एक आणि भरपूर घातलेला एक, असे दोन ठेव. कुणी डिझाइन केला, कुठे छापला, शाई कुठली, किती प्रती, हे छापणाऱ्यालाच विचारून लिही. त्याच्या दुकानात जाऊन स्क्रीन कशी तयार होते, स्क्वीजी, म्हणजे शाई ओढायची रबरी पट्टी, कशी ओढतात, ते उभं राहून बघ. त्याला वेळ असेल तर एक हात स्वतः मारून पाहा.

आणि प्रत्यक्ष पाहण्याबद्दल. लंडनला कधी जाणं झालं तर पूर्व लंडनमध्ये ३१ मे २०२५ पासून व्ही अँड ए ईस्ट स्टोअरहाउस उघडलं आहे. हे प्रदर्शन नव्हे, व्हिक्टोरिया अँड अल्बर्टचं कोठारच लोकांसाठी खुलं केलं आहे. संकेतस्थळावर संग्रहातल्या वस्तू शोधायच्या, पाचपर्यंत निवडायच्या, किमान दोन आठवडे आधी वेळ ठरवायची, आणि त्या तुझ्यासमोर टेबलावर आणून ठेवतात. पदवी, प्राध्यापकांचं पत्र काही लागत नाही. हॅरोच्या वाचकांनीही हे वाचावं, तुम्हाला तर ट्रेनने जाता येईल. तिथे गेलात तर टी-शर्टाची समोरची बाजू पाहून थांबू नका. तो उलटा करून, आतून दाखवायला सांगा. छपाईचा रंग विणीतून किती मागे उतरला आहे, शिवणी कशा आहेत, फीत कुठे जोडली आहे, ते सगळं आतल्या बाजूला असतं.